रुख्मिणीबाईंच्या मडमा

"मॅडम, तुमची गाडी एक दिवस देता का?" रुख्मिणीमावशींनी दारातूनच विचारलं. मग चौकटीला हात टेकून दम घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यासकट."

मार्चचा शेवटचा आठवडा होता. शाळा सकाळची झालेली, मी नुकतीच येऊन पंख्याखाली टेकले होते. मावशींच्या डोक्यावर पाटी नव्हती. मी हिंगोलीत, या गल्लीत राहायला येऊन चौदा वर्षं झाली; या चौदा वर्षांत दुपारच्या वेळी त्यांना रिकाम्या डोक्यानं पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांची मान ओझ्याखाली इतकी वर्षं ताठ राहिलेली, की ओझं नसलं तरी त्या तशाच चालायच्या. बाकीचं शरीर मात्र खाली बसत चाललं होतं.

"कुठं जायचंय?"

"गोरेगावला. तिथून कनेरगाव नाक्याला. जमलं तर एखाद्या दिवशी हट्ट्याला बी. मडमा वापस करायच्यात."

मडमा म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला पण माहीत होतं. पण बाहेरच्या माणसाला ते सांगायचं तर आधी मावशींचा धंदा सांगायला हवा.

मावशी बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. जरीच्या साडीला डबा, दोन पँटींना पातेलं, नुसत्या सुती लुगड्याला फार तर एक वाटी. घासाघीस चालायची ती उंबऱ्यावर बसून. मावशी प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायच्या. कुठं विरलंय, कुठं कसर लागलीय, ते त्यांना एका नजरेत दिसायचं. कपडे पुढे नांदेडच्या बाजारात जायचे. बाविसाव्या वर्षी त्यांनी पाटी डोक्यावर घेतली ती नवऱ्याचा एक हात कापसाच्या जिनिंगमध्ये गेला म्हणून. नवरा, रूपसिंग, नंतर बसून पाट्यांना बूड बांधायचा, भांड्यांना राख लावून चकाकी आणायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली. मावशींचं वय सदुसष्ट.

हिंगोलीत एकेकाळी इंग्रजांची छावणी होती. ती उठून शंभराच्या वर वर्षं झाली, पण साहेबलोक जाताना सगळंच सामान घेऊन गेले नाहीत. खुर्च्या, कंदील, काचेचे पेले, चिनी मातीच्या बाहुल्या असं बरंच काही इथल्या घरांत पसरलं. कुणी लिलावात घेतलं, कुणाला बक्षीस मिळालं. खुर्शीदबी नावाची एक म्हातारी मावशींची जुनी गिऱ्हाईक होती. तिच्या नवऱ्याचा आजा कुठल्याशा कप्तानाकडे खानसामा होता. मावशींची मुलगी दोन वर्षांची असताना एकदा खुर्शीदबीनं कपड्यांच्या बोचक्याबरोबर एक बाहुली पुढे सरकवली. झाडाखाली बसलेली, मांडीवर कोकरू घेतलेली गोरी मुलगी. वीतभरसुद्धा नाही. डावा हात मनगटापासून तुटलेला.

"ये भी ले जा, रुक्मिन," खुर्शीदबी म्हणाली. "बेटा बोलता, घर में मूरत नक्को. फेकने को दिल नहीं होता मेरा."

मावशींनी तिच्या बदल्यात एक झाकण दिलं. घरी रूपसिंगनं कपाळावर हात मारला.

"मग ठेवली कशाला हो?" मी एकदा विचारलं होतं.

मावशी म्हणाल्या, "मी त्या दिवशी सकाळपासून चालून राहिले हुते, मॅडम. आन ती बसली हुती. झाडाखाली, मस्त. कोणी तिला ऊठ म्हणून न्हाई राहिलं."

तिथून सुरुवात झाली. मग दुसरी आली, तिसरी आली. मावशींना घराघरात प्रवेश होता, आणि तोही माळा आवरायच्या दिवसांत. ज्या वस्तू बायकांना टाकवत नाहीत आणि ठेवायच्याही नसतात त्या पहिल्यांदा बोहारणीच्या पुढ्यात येतात. गळ्यात सोनेरी साखळी असलेली पांढरी कुत्र्यांची जोडी आली. मासळीची टोपली घेऊन टेकलेली बाई आली. घोड्यावरचा शिपाई, टोपीवाली मडम, पुस्तक वाचणारी मडम, झोपाळ्यावरची मडम. मावशी सगळ्यांनाच मडमा म्हणायच्या, शिपायाला आणि कुत्र्यांनासुद्धा.

ओळखायला खुर्शीदबीनं शिकवलं. तिला तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं. बाहुली उलटी करायची आणि बुडाशी शिक्का बघायचा. न रंगवलेल्या जागी जिभेचं टोक लावायचं. जीभ चिकटली तर माती भरड. उजेडाकडे धरायची, पातळ जागेतून बोटाची सावली दिसली तर माती उंची. मावशी शाळेत गेल्या नव्हत्या, पण शिक्क्यातलं इंग्लंड हे नाव त्यांना चित्रासारखं पाठ होतं. एखादी बाजारी बाहुली कुणी पुढे केली तर त्या हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत. "जत्रंतली हाय, बाई. राहू द्या लेकराला खेळायला."

तुटकं असेल ते मावशी जोडायच्या. आधी चुना आणि अंड्यातला पांढरा बलक, नंतर दुकानातला दोन नळ्यांचा चिकट लेप. त्या कोकरूवाल्या मुलीला त्यांनी पांढऱ्या सिमेंटचा हात केला. तो उजव्या हातापेक्षा बराच मोठा झाला. भाड्याच्या खोलीत रूपसिंगनं एका हातानं ठोकलेली फळी होती, तीवर सगळ्या मडमा दाटीवाटीनं बसायच्या. एकूण एकतीस. कोणती कोणत्या गावची, कोणत्या घरची, बदल्यात काय दिलं, सगळं मावशींच्या तोंडी. माझी मुलगी लहान असताना तासन्‌तास तिथं बसायची आणि मावशी सांगायच्या, ही गोरेगावची, ही हट्ट्याची, ही तुमच्याच मागच्या गल्लीतली.

आता हे सगळं मोडायचं होतं.

धंदा राहिला नव्हता. घराघरात भांडी जास्तीची झाली आणि कपडे असे आले, की नांदेडचा व्यापारी त्यांना हात लावेना. गुडघे गेले होते. पाटी उतरवून घ्यायला माणूस मिळाला नाही तर मावशी ती डोक्यावर घेऊनच उभ्या राहायच्या, कारण एकदा खाली ठेवली की उचलणार कोण. त्यात घरमालकानं सांगितलं, पाडव्यानंतर खोली पाडायचीय, नवं बांधकाम आहे. पुण्याला, भोसरीत, मुलगी होती, प्रियदर्शनी. हे नाव मावशींनी एका गिऱ्हाइकाच्या लेकीचं ऐकून ठेवलेलं. जावई कारखान्यात, एक खोली आणि स्वयंपाकघर, दोन मुली. तिनं फोनवर सांगितलं, "आई, ये आता. किती दिवस मरशील उन्हात? पण एकच बॅग आण. इथं पाय ठेवायला जागा नाही."

आईला बोलावणारी मुलगी आणि जागा नसलेलं घर, दोन्ही खरंच होतं. तिला नाव ठेवण्यासारखं काही नाही.

त्या फेब्रुवारीत मीच एक उद्योग केला होता. मडमांचे फोटो काढून ओळखीच्या ओळखीनं संभाजीनगरला जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना पाठवले. विजयकुमार त्यांचं नाव. मला वाटलं, मावशींच्या म्हातारपणाची सोय होईल. ते खरंच आले. मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी करून, रुमालानं मान पुसत खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक मडम हातात घेतली, उलटी केली, नखानं वाजवली. अर्ध्या तासानं म्हणाले, "यातल्या नऊ इंग्लंडच्या आहेत. बाकी जर्मनी, काही जपान. एकदोन तर आपल्याकडच्याच."

मावशींनी कोकरूवाली मुलगी पुढे केली. "ही?"

"ही जर्मन. त्या काळी तिकडच्या जत्रांमध्ये मिळायच्या असल्या. बक्षीस म्हणून, नेम मारला की."

मावशींचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "साहेबाच्या कपाटात हुती ती. म्हणजे साहेब बी जत्रंतूनच आणत हुता म्हणा."

विजयकुमार हसले. मी पण हसले. मावशी हसल्या नाहीत.

त्या नऊंपैकी सातांना जोड होता, ठिगळ होतं, कुठं मावशींनी स्वतः ब्रशनं रंग भरला होता. असल्यांना गिऱ्हाईक नसतं, ते समजुतीनं म्हणाले. कुत्र्यांच्या जोडीतलं एक मात्र अगदी धड होतं, ते त्यांना हवं होतं. दुसऱ्याचा कान उडालेला.

"जोडी तोडत न्हाई मी," मावशी म्हणाल्या.

"मावशी, नुसतं पडून राहील हो इथं."

"पडू द्या. दोघं पडतील."

त्यांनी फार आग्रह केला नाही. पाणी प्याले आणि गेले. मी मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी काहून वाईट वाटून घेता? चांगलं झालं, कळलं तरी." त्यानंतर महिनाभर त्या मडमांविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. फळीवर धूळ चढायला लागली. आणि मग हे, वापस करायचं.

"विकायच्या न्हाईत, टाकायच्या न्हाईत. ज्याच्या घरून आणल्या त्याला देऊन टाकते," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "माह्यावरचा भार तरी उतरंल."

हिंगोलीतली घरं त्यांनी आधीच पायी उरकली होती. चार दिवसांत सहा मडमा गेल्या. दोन घरांत लोकांनी संकोचानं घेतल्या, एकीनं हौसेनं घेतल्या, त्यातच तीन गेल्या. सहावी एका दवाखान्यातल्या बाईंनी टेबलावर कागद दाबायला ठेवली. खुर्शीदबी करोनाच्या आदल्या वर्षीच वारलेली. तिच्या घरी मावशी कोकरूवाली मुलगी घेऊन गेल्या तेव्हा नात आलिया होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं बाहुली हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली, दादी हिच्या गोष्टी सांगायची म्हणाली. मग मोबाइलमध्ये चार फोटो काढले आणि बाहुली परत मावशींच्या हातात दिली. "घरात ठेवता येत नाही, मौसी. अब्बूंना चालणार नाही. फोटो राहील माझ्याकडे." मावशींना त्यात काही गैर वाटलं नाही. चहा पिऊन, बाहुली पिशवीत घालून त्या परत आल्या.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. स्कूटीवर मी पुढे, मावशी मागे, आणि दोघींच्या मध्ये कापडी पिशवी. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या पाच मडमा. खड्डा आला, की मावशी माझ्या खांद्यावरचा हात काढून पिशवीखाली धरायच्या. हळद उकडायचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला हळदीचे ढीग वाळत पडलेले, कढयांखालचा धूर आडवा तिडवा रस्त्यावर येत होता. गोरेगावपर्यंत मावशी एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "ह्या रस्त्यानं मी पायी आलेय. जीपवाला पाटीचे दोन मानसाचे पैसे मागायचा."

पहिलं घर माणिकरावांचं. पंचाहत्तरीचा माणूस, ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेला. घर नवं, फरशी चकाकणारी, आत दिसणाऱ्या शोकेसमध्ये नातवंडांच्या ढाली आणि सत्काराचे नारळ. मावशी पायरीवरच बसल्या. पिशवीतून त्यांनी तीनशिंगी टोपी घातलेला, मांडीवर सुरई घेऊन बसलेला एक लठ्ठ म्हातारा काढला, चिंधी सोडली आणि फरशीवर ठेवला.

"वळखलं का, मालक?"

माणिकरावांनी पेपर खाली केला. "काय हाये हे?"

"तुमच्या घरचं हाय. तुमच्या आईनं दिलं हुतं मला. बत्तीस-तेहेतीस वर्षं झाली. इथं तवा मातीचा ओटा हुता, आन त्या कोपऱ्यात गाय."

"आमचं न्हाई हे."

"तुमचंच हाय, मालक. तुमच्या आज्यानं छावणीतून आणलेलं, आईनंच सांगितलं. त्याच्या बदल्यात मी परात दिली हुती. मोठी, जाड, काठाला दोन रेघा."

माणिकराव सरळ बसले. आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "बाई, आमच्या घरात तवा सोळा बैल हुते. आमच्या आईला बोहारणीपाशी परात मागायची काय गरज पडली? तुमची काहीतरी गफलत होऊन राहिली. दुसरं घर असंल."

आतून त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती दारातच थांबली. मावशींनी माणिकरावांकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याकडे. वाद घालायला लागते ती ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "असंल बापा," त्या म्हणाल्या. "लई घरं हिंडले. गफलत झाली असंल." चिंधी गुंडाळली, पायरीला धरून उठल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

गल्लीच्या वळणावर स्कूटीला किल्ली लावते तोच मागून चपलांचा आवाज आला. सूनच होती. राजनंदिनी म्हणून सांगितलं तिनं नाव. धाप लागलेली.

"मावशी, काठाला दोन रेघा म्हणालात ना? आणि मधे एक पोचा?"

"पोचा नंतर पडला असंल. मी दिली तवा कोरी हुती."

"आहे ती परात. मी रोज तिच्यातच कणीक मळते." ती खालच्या आवाजात म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूनं ती कुणाला न विचारता घेतली होती. घरात मोठा तमाशा झाला होता म्हणे. तेव्हापासून त्या परातीचं नाव मामंजींसमोर काढायचं नाही." तिनं हात पुढे केला. "द्या ते इकडं."

"कुठं ठेवशील, माय?"

"पिठाच्या कोठीमागं. तिथं घरातला एक पुरुष फिरकत नाही."

तिनं म्हातारा पदराखाली घेतला आणि आली तशी झपझप निघून गेली. मला इतका आनंद झाला, की मी मावशींना मिठीच मारली. मावशींनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, बस्स.

गोरेगावातली आणखी दोन घरं केली. एकाला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, सगळे नाशिकला असतात, दिवाळीला येतात. दुसऱ्या घरच्या बाईनं झोपाळ्यावरची मडम दुरूनच पाहिली, आणि विचारलं, "यात काही करणीबिरणी न्हाई ना? फुकट कोण देतं हो आजकाल?" आणि दार लावून घेतलं. मावशींनी मडम परत चिंधीत गुंडाळली. मग म्हणाल्या, "बराबर हाय तिचं. मी बी घेतली नसती."

कनेरगाव नाक्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथं जहांगीर टेलरचं घर शोधायचं होतं. मासळीची टोपली घेऊन टेकलेली बाई त्याच्या बायकोनं दिलेली. मावशींनी मला बरोबर जागेवर नेलं, रस्त्याकडेचं वडाचं झाड, त्याच्या डाव्या हाताला तिसरं घर. वडही नव्हता आणि घरही नव्हतं. तिथं आता रुंद डांबरी रस्ता होता आणि त्यावरून वाशिमकडे ट्रक चालले होते. समोरच्या ढाब्यावर चौकशी केली. मालक हिरासिंग गल्ल्यावर बसला होता, चाळिशीचा.

"जहांगीरभाईचं घर रस्त्यात गेलं, मावशी. ते वाशिमला पोरीकडं राहायला गेले. दोन वर्षं झाली, वारले. त्यांची मंडळी त्यांच्या आधीच गेली."

मावशी बाजेवर बसल्या. पिशवी मांडीवर.

हिरासिंगनं पाणी आणलं, दोन चहा सांगितले, आणि काय आणलंय म्हणून विचारलं. मावशींनी ती टेकलेली बाई दाखवली. त्यानं ती उचलून गल्ल्यावर, बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवून पाहिली. "मस्त दिसते की. मला देता का? ट्रकवाले विचारतील तरी, ही कोण म्हणून."

"घ्या," मावशी म्हणाल्या. "धूर हाय इथं. पुसत जा अधूनमधून."

चहा संपला. मी उठले. मावशींनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसल्या. पुन्हा प्रयत्न केला. गुडघे वळेचनात. त्या माझ्याकडे बघून लाजल्यासारखं हसल्या. "थांबा थोडं, मॅडम."

आम्ही तिथं पाऊण तास बसलो. हिरासिंगनं फडक्यात बर्फ बांधून आणून दिला. मावशी बर्फ गुडघ्यावर धरून रस्त्याकडे बघत होत्या.

"हट्ट्याला न्हाई जात आता," त्या म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी जाऊ. मला सुट्टीच आहे."

"न्हाई. बस झालं." मग त्या बोलल्या, कुणाकडेही न बघता. "पैसा मला कवाच नको हुता, मॅडम. मला आपलं वाटायचं, मी मडम काढून समोर ठेवीन आन समोरचं मानूस म्हणंल, अगं बाई, हीच की ती! आमच्या फळीवर असायची, आमी लहान असताना. येवढंच. एकानं तरी म्हणायला पाहिजे हुतं."

"राजनंदिनीनं घेतला की म्हातारा."

"तिनं परात वळखली, मॅडम. म्हाताऱ्याला न्हाई वळखलं." त्यांनी बर्फाचं फडकं दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं. "आन काहून वळखावं? ज्यानं दिलं त्यानं इसरायसाठीच दिलं हुतं. मीच येडी, सगळ्यांचं ध्यानात धरून बसले."

परतताना वाऱ्यात त्यांचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. झोप लागली होती त्यांना. मी गाडी अगदी हळू चालवली, मागून हॉर्न वाजत राहिले.

उरलेल्या तेवीस मडमा माझ्याकडे आल्या. मावशींनी एकेक पुसून, चिंधीत गुंडाळून, दोन पत्र्याच्या डब्यांत लावून दिली. डबेही त्यांच्याच धंद्यातले, न खपलेले. मी म्हटलं, "एखादी तरी बरोबर न्या. बॅगेत मावेल एक."

"न्हाई. एक नेली, की तिच्याकडं बघून बाकीच्या आठवत राहतील. तिथं मला दोन लेकरं सांभाळायचीत."

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या. मी बसस्टँडवर सोडायला गेले होते. एक बॅग, एक पाण्याची बाटली, आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा. गाडी दीड तास उशिरा आली. मावशींनी मधेच मला घरी जायला सांगितलं, उन्हात काहून थांबता म्हणून; मी थांबले. खिडकीची जागा मिळाली नाही. गाडी सुटताना त्या दिसल्यासुद्धा नाहीत.

डबे काही दिवस माझ्या पलंगाखाली राहिले. जूनमध्ये मी मडमा शाळेत नेल्या आणि विज्ञानाच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या वरच्या कप्प्यात मांडल्या. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध?" मी म्हटलं, "माती." ते विचारात पडले आणि मग त्यांनी काही आडकाठी केली नाही. सहावीच्या मुलींना मी उजेडात धरून बोटाची सावली दाखवली. एकीनं विचारलं, "मॅडम, ह्या कुणी जमवल्या?" मी मावशींचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिलं. दोन-तीन जणींनी वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत येईल असं वाटून.

दिवाळीच्या सुट्टीत मी भोसरीला फोन केला. प्रियदर्शनीनं फोन आईकडे दिला. मावशींचा आवाज जवळून आला, पण मागं प्रेशर कुकर, टीव्ही, मुलींचं भांडण असं सगळं एकदम ऐकू येत होतं. गुडघे कसे आहेत, विचारलं. तिसरा मजला हाय, म्हणाल्या, उतरतच न्हाई मी. खाली एक बाग हाय म्हणतात, अजून पाहिली न्हाई. थोरली नात शाळेत जाते, धाकटी दिवसभर कडेवर.

मी मडमांचं सांगितलं. कपाटाचं, मुलींचं, फळ्यावर लिहिलेल्या नावाचं. मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील, कुत्र्यांची जोडी शेजारी शेजारी ठेवली का, असं काही विचारतील. त्या ऐकत होत्या. "बरं केलं, मॅडम," इतकंच म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "इथं पाणी दिवसातून एकदाच येतं, आन तेबी कवा येईल सांगता येत न्हाई. आता आलंय वाटतं. नळ वाजून राहिला. मी ठेवते."

"ठेवा, मावशी. मी करीन परत कधी."

त्यांनी फोन ठेवला नाही. तसाच कुठंतरी टेकवला असावा. पिंपात पाणी पडल्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला, आणि मावशी कुणाला तरी सांगत होत्या, बादली सरकव, पाय घसरंल.